शिट्टी केव्हा वाजावी?

१८९१ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. ची एक शिक्षणसंस्था होती आणि तेथे जेम्स नेस्मिथ नावाचे तिशीचे एक कॅनेडियन शिक्षक व्यायामाचे धडे देत असत. बाहेर बर्फ पडलेले, मैदाने बंद, आणि वर्गातील तरुण त्याच त्या कवायतीला कंटाळलेले. घरात खेळता येईल असा एखादा नवा खेळ शोधून काढावा, असे विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक ह्यांनी नेस्मिथना सांगितले. नेस्मिथनी पीच फळांच्या दोन टोपल्या मागविल्या, त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले आणि तेरा नियमांचा एक कागद भिंतीवर लावला. बास्केटबॉलचा जन्म झाला तो असा. त्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला, आणि टोपलीत पडलेला चेंडू काढण्यासाठी शिडी आणावी लागली. हा खेळ थांबला तो पहिल्यांदा बहुधा त्या शिडीसाठीच!

त्या तेरा नियमांतील दहावा आणि अकरावा हे दोन नियम पंचांविषयी आहेत. एक पंच माणसांवर लक्ष ठेवील आणि फाऊल टिपील. दुसरा चेंडूवर लक्ष ठेवील, चेंडू केव्हा खेळात आहे आणि तो कोणाच्या वाट्याचा हे ठरवील आणि वेळही मोजील, अशी ती वाटणी होती. खेळाडूने चूक केली तर काय करावे हे त्या कागदावर लिहिलेले होते. परंतु खेळाबाहेरचेच काही खेळात शिरले तर काय करावे? छत गळू लागले, दिवे गेले, प्रेक्षक मैदानात उतरले, एखादा खेळाडू धावता धावता कोसळला, तर खेळ थांबवावा की चालू द्यावा? थांबवावा तर कोणत्या क्षणी? ह्या प्रश्नांना त्या कागदावर उत्तर नव्हते. ती उत्तरे पुढच्या सव्वाशे वर्षांत एकेका प्रसंगाने शिकविली, आणि त्यांतील काही प्रसंग फार महाग पडले.

ह्या खेळात हा प्रश्न अवघड का होतो हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. कबड्डीच्या चढाईवर गेलेल्या गड्याचे उदाहरण घ्यावे. त्याचा दम चालू आहे, प्रतिपक्षाची साखळी फुटण्याच्या बेतात आहे, आणि नेमक्या त्या वेळी पंचाने शिट्टी वाजविली, तर ती चढाई त्याला परत कशी देणार? बास्केटबॉलमध्ये अशी अवस्था दर मिनिटाला येते. चेंडू सतत फिरता, आक्रमण काही सेकंदांचे, आणि घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारे. खेळ थांबविल्यावर पंचाला चेंडू परत देता येतो, जागा परत देता येते, घड्याळही मागे नेता येते. पण मोकळी सापडलेली टोपली मात्र परत देता येत नाही. उलट, शिट्टी वाजविण्यास विलंब केला तर एखाद्याचे हाड मोडते किंवा त्याच्या जिवावरही बेतते. ह्या दोन हानींचे माप पंचाने उभ्या उभ्या करावयाचे असते.

पहिला व्यत्यय आला तो प्रेक्षकांकडून. टोपल्या सज्जाच्या कठड्याला लावलेल्या असल्यामुळे सज्जातील प्रेक्षकाला हात पुढे केला की चेंडू लागत असे. आपल्या संघाचा चेंडू आत ढकलावा, दुसऱ्याचा बाहेर उडवावा, असा उद्योग हौशी मंडळींनी सुरू केला. प्रत्येक वेळी खेळ थांबवून न्याय करावा म्हटले तर खेळच उरेना. म्हणून १८९० नंतरच्या काही वर्षांतच टोपलीमागे तारेच्या जाळीचा पडदा आला, मग लाकडी फळी आली आणि पुढे काचेची. आज ज्या फळीवर चेंडू आपटून खेळाडू गुण मिळवितात, ती मुळात प्रेक्षकांचे हात अडविण्यासाठी आली, हे अनेकांना ठाऊक नसते.

दुसरा घोटाळा रेषेबाहेर गेलेल्या चेंडूचा. नेस्मिथच्या नियमाप्रमाणे बाहेर गेलेला चेंडू ज्याच्या हाती प्रथम लागेल त्याने आत टाकावयाचा. परिणाम असा झाला की चेंडू बाहेर जाताच दोन्ही संघ प्रेक्षकांना तुडवीत त्याच्यामागे धावत. चेंडू सज्जात गेला तर जिन्यावर चेंगराचेंगरी होई, किंवा एकमेकांच्या खांद्यावर चढून गडी वर जात. काही व्यावसायिक सामन्यांत तर मैदानाभोवती जाळीचा पिंजराच उभारण्यात आला. चेंडू बाहेर जाऊच नये म्हणजे खेळ थांबणार नाही, हा त्यामागचा हिशेब. त्या पिंजऱ्यामुळे अमेरिकन वर्तमानपत्रे बास्केटबॉलपटूंना ‘पिंजरेवाले’ म्हणू लागली, आणि पिंजरे गेल्यावरही ते नाव पुष्कळ वर्षे टिकले. शेवटी, ज्याचा स्पर्श शेवटचा त्याच्या प्रतिपक्षाला चेंडू द्यावा, हा साधा नियम १९१३ च्या सुमारास आला आणि पिंजऱ्याची गरजच संपली. खेळ थांबूच न देण्याच्या अट्टाहासाने पिंजरा आणला होता. खेळ नीट थांबवून नीट सुरू करण्याची रीत सापडल्यावर तो हळूहळू नाहीसा झाला.

ह्यानंतरचा मोठा धडा निसर्गाने दिला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथमच पदकाचा खेळ म्हणून आला. वृद्ध नेस्मिथ स्वतः तेथे उपस्थित होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी बर्लिनला गेले होते आणि त्याने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. बास्केटबॉलचे सामने मात्र छपराखाली न घेता टेनिसच्या उघड्या, मातीच्या मैदानांवर ठेवलेले. १४ ऑगस्टला अमेरिका आणि कॅनडा ह्यांचा अंतिम सामना सुरू झाला तो पावसात. मैदानाचा चिखल झाला. चेंडू जमिनीवर आपटला की उसळी न घेता तेथेच बसे. त्यामुळे चेंडू आपटीत पुढे जाणे अशक्य झाले. मध्यंतराला अमेरिकेचे १५ आणि कॅनडाचे ४ गुण होते. उत्तरार्धात दोघांनी मिळून आठच गुण केले. सामना १९ विरुद्ध ८ असा संपला. त्या दिवशी खेळ थांबविला नाही. नियमाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पण जो खेळ चालू ठेवला तो बास्केटबॉल उरला होता काय, हा प्रश्न मागे राहिलाच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा खेळ छपराखाली गेला.

छपराखाली गेल्याने पाऊस टळतो असे मात्र नव्हे. ५ जानेवारी १९८६ रोजी सिअ‍ॅटल येथे फीनिक्सच्या संघाविरुद्ध व्यावसायिक सामना चालू असता छतातून पाणी टपकू लागले. पुसणारे पुसत होते, पण ओल हटेना, आणि खेळाडू घसरू लागले. दुसऱ्या चतुर्थकात पंचांनी सामना थांबविला आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी, जेथे थांबला होता तेथून पुढे, खेळविण्यात आला. २०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकन विद्यापीठांचे काही सामने नौदलाच्या जहाजांच्या डेकवर योजण्यात आले होते. रात्रीच्या दवाने लाकडी मैदान निसरडे झाले. त्यांपैकी एक सामना सुरूच होऊ शकला नाही, तर फ्लॉरिडा आणि जॉर्जटाऊन ह्यांचा सामना मध्यंतरालाच सोडून द्यावा लागला. हजारो प्रेक्षक, दूरचित्रवाणीचे कॅमेरे, सोहळ्याचा थाट, हे सर्व एका बाजूला असताना ओल्या फळ्यांच्या बाजूने निर्णय झाला.

वादळाची एक हकीगत ह्याहून गंभीर आहे. १४ मार्च २००८ च्या रात्री अटलांटा शहरातील जॉर्जिया डोम ह्या बंदिस्त क्रीडागारात अलाबामा आणि मिसिसिपी स्टेट ह्या विद्यापीठांचा सामना चालू होता. निर्धारित वेळ संपता संपता अलाबामाच्या मायकल रायलीने लांबून चेंडू टोपलीत टाकला, बरोबरी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. त्या जादा वेळेतच चक्रीवादळ क्रीडागारावर आदळले. छताचे कापड फाटले, वर टांगलेले सांगाडे हेलकावू लागले, तुकडे खाली पडले. पंचांनी खेळ थांबवून खेळाडूंना आत पाठविले. तासाभराने, इमारत पाहून झाल्यावर, उरलेली दोन मिनिटे खेळविण्यात आली आणि मिसिसिपी स्टेटने सामना जिंकला. त्यानंतरचा सामना मात्र त्या रात्री तेथे घेतला नाही. तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रीडागारात झाला. रायलीचा तो चेंडू हुकला असता तर हजारो प्रेक्षक वादळाच्या वेळी रस्त्यावर असते, असे पुढे पुष्कळांनी बोलून दाखविले.

कधी व्यत्यय खेळाच्या साहित्यातूनच येतो. १९४६ च्या नोव्हेंबरात बॉस्टन सेल्टिक्स ह्या संघाचा घरच्या मैदानावरील पहिलाच सामना; पण सरावाच्या वेळीच चक कॉनर्स ह्या खेळाडूच्या हातून काचेची फळी फुटली आणि दुसरी फळी मिळेपर्यंत सामना खोळंबला. १९७९ साली फिलाडेल्फियाच्या डॅरिल डॉकिन्सने सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने दोन फळ्या फोडल्या. कड्याला धरून तो चेंडू इतक्या जोराने आत घाली की काचेचा चुरा खेळाडूंच्या अंगावर उडाला. काच वेचणे, फळी बदलणे, ह्यांत सामना रखडला. संघटनेने त्याला ताकीद दिली, आणि त्यापाठोपाठ स्प्रिंगवर लवणारे कडे प्रचारात आले. प्रेक्षकांच्या हातांनी जशी फळी दिली, तसे फुटलेल्या फळीने लवते कडे दिले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या व्यत्ययावर शिट्टीपेक्षा सुताराचा आणि लोहाराचा उपाय अधिक टिकाऊ ठरतो.

काही प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखे असतात. ३१ ऑक्टोबर २००९ रोजी सॅन अँटोनियो येथे भर सामन्यात एक वटवाघूळ मैदानावर घिरट्या घालू लागले. खेळ थांबला; पण वटवाघूळ जाईना. तेव्हा मानू जिनोबिली ह्या अर्जेंटिनाच्या नामांकित खेळाडूने ते हाताच्या एका फटक्याने खाली पाडले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. परंतु नंतर त्या गृहस्थाला पिसाळरोगाच्या प्रतिबंधक लसी टोचून घ्याव्या लागल्या. शिट्टी वाजल्यावर पुढचे काम कोणाचे, हेही ठरलेले असावे लागते. आणि ते खेळाडूचे नसते.

घड्याळ आणि अधिकार ह्यांचा गोंधळ झाला म्हणजे काय होते, ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकचे. ते ऑलिंपिक आधीच शोकाने झाकोळले होते. ५ सप्टेंबरला दहशतवाद्यांनी इस्रायली पथकावर हल्ला केला, त्यात पथकातील अकरा जण मारले गेले, आणि क्रीडामहोत्सव दीड दिवसाच्या आसपास स्थगित झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, ९ सप्टेंबरच्या उत्तररात्री, अमेरिका आणि सोव्हिएत संघ बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले. १९३६ पासून अमेरिका ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरलेली नव्हती.

तीन सेकंद उरले होते. सोव्हिएत संघ एका गुणाने पुढे. अमेरिकेच्या डग कॉलिन्सला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत गेला. दुसऱ्याच्या वेळी गुणलेखकाच्या टेबलावरून भोंगा वाजला. पण पंचांनी खेळ थांबविला नाही. दुसराही आत गेला आणि अमेरिका ५० विरुद्ध ४९ अशी पुढे गेली. सोव्हिएत खेळाडूंनी चेंडू आत टाकला, इतक्यात त्यांचे प्रशिक्षक टेबलाकडे धावले. आपण टाइम-आउट मागितला होता आणि तो दिला गेला नाही, ही त्यांची तक्रार. एक सेकंद उरला असता पंचांनी खेळ थांबविला. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावण्यास त्यांनी सांगितले. घड्याळ नीट लागण्यापूर्वीच चेंडू पुन्हा आत आला, भोंगा झाला, अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले. आणि पुन्हा सांगण्यात आले की खेळ संपलेला नाही. तिसऱ्या खेपेस इव्हान येदेश्कोने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोव्हने तो झेलून टोपलीत टाकला. ५१ विरुद्ध ५०. सोव्हिएत संघ विजयी.

अमेरिकेने दाद मागितली. पाच जणांच्या मंडळाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. मुख्य पंच ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो ह्यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला. त्या तीन सेकंदांत न्याय कोणाच्या बाजूला होता ह्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. टाइम-आउट खरोखरच नाकारला गेला असेल तर सोव्हिएत संघाची तक्रार पोकळ नव्हती. परंतु भोंगा वाजला त्याच क्षणी पंचांनी खेळ थांबवून टेबलाकडे चौकशी केली असती, तर पुढचा सारा प्रसंग टळण्याचा संभव होता. टेबलाच्या भोंग्याचा अर्थ काय, पंचाच्या शिट्टीचा अर्थ काय, आणि मैदानाबाहेरच्या अधिकारी व्यक्तीला घड्याळ मागे नेण्याचा हक्क काय, ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी संदिग्ध झाल्या. जोन्स हे महासंघाचे संस्थापक आणि त्यांचा दरारा मोठा. पण चालू सामन्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता.

प्रेक्षक आणि खेळाडू ह्यांच्यातील भिंतच कोसळली, असा प्रसंग १९ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेतील ऑबर्न हिल्स येथे घडला. इंडियाना आणि डेट्रॉइट ह्यांच्या सामन्यात ४५.९ सेकंद उरले होते आणि इंडियाना पंधरा गुणांनी पुढे होती. एका जोरकस फाऊलवरून खेळाडूंत ढकलाढकली झाली. ती शमत आली असता प्रेक्षकांतून फेकलेला पेयाचा पेला इंडियानाच्या रॉन आर्टेस्टवर पडला, तो प्रेक्षकांत घुसला, आणि पाहता पाहता सज्जापर्यंत मारामारी पसरली. पंचांनी उरलेले सेकंद न खेळविता सामना तेथेच संपविला. पुढे नऊ खेळाडूंवर बंदी आली. निकाल जवळजवळ ठरलेला होता, म्हणून तो निर्णय सोपा वाटतो. परंतु गुणांत एकाचाच फरक असता तरी तोच निर्णय योग्य ठरला असता, हे विसरता कामा नये.

आणि अखेर माणसाच्या जिवाचा प्रश्न. ४ मार्च १९९० रोजी लॉस एंजलिस येथे लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा हँक गॅदर्स, त्या वेळच्या उत्तम खेळाडूंपैकी एक, चेंडू टोपलीत टाकून परत फिरला आणि मैदानावर कोसळला. तो पुन्हा उठला नाही. सामना थांबला तो थांबलाच. ती स्पर्धाही पुढे खेळविण्यात आली नाही. तीस वर्षांनी, ११ मार्च २०२० ला, ओक्लाहोमा सिटी येथे खेळाडू मैदानावर उभे होते, चेंडू उडविण्यास काही क्षण उरले होते, तोच वैद्यकीय अधिकारी पंचांकडे धावत आला. पाहुण्या यूटा संघातील एका खेळाडूला कोविडची बाधा झाली होती. दोन्ही संघ आत गेले, हजारो प्रेक्षकांना शांतपणे घरी पाठविण्यात आले, आणि त्याच रात्री अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा सारा हंगाम स्थगित झाला. तो पुन्हा सुरू झाला ३० जुलैला.

ह्या सर्व अनुभवांतून आजचे नियम घडले आहेत. खेळाडू जखमी झाला तर पंच खेळ थांबवू शकतो. परंतु चेंडू खेळात असेल तर ज्या संघाच्या ताब्यात तो आहे त्याने प्रयत्न पुरा करीपर्यंत, किंवा त्याचा ताबा सुटेपर्यंत, शिट्टी रोखून धरावी, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. प्रतिपक्षाचा गडी पडला एवढ्यावरून आक्रमणाची संधी हिरावली जाऊ नये, आणि संधी मोडण्यासाठी कोणी मुद्दाम पडूही नये, हा त्यातील हेतू. पण लगेच पुढे म्हटले आहे, की जखमी खेळाडूच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तर पंचाने तत्काळ खेळ थांबवावा. पहिले वाक्य न्यायाचे आणि दुसरे दयेचे. दोहोंत विरोध आला तर दुसऱ्याने पहिल्यावर मात करावी, अशी ती रचना आहे. कोणत्याही संघाशी संबंध नसलेल्या कारणाने खेळ थांबला तर चेंडू ज्याच्याकडे होता त्यालाच परत मिळतो. ह्याखेरीज, परिस्थितीने भाग पाडल्यास सामना थांबविण्याचा आणि नियमांत न सापडणाऱ्या बाबींवर निर्णय देण्याचा अधिकार मुख्य पंचाला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. नेस्मिथच्या कागदावरील मोकळी जागा अशा रीतीने भरली गेली. तिच्यात प्रत्येक संकटाची यादी न लिहिता एका माणसाचा विवेक लिहिला गेला.

भारतात हा खेळ वाय. एम. सी. ए. च्याच हातून आला. हॅरी बक ह्यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी तो गावोगाव नेला. १९३४ साली दिल्लीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० साली राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. येथील पुष्कळसे सामने उघड्या मैदानांवर झाले असल्यामुळे अवचित आलेली सर, अंगणातून धावणारे कुत्रे, गेलेली वीज, हे येथील पंचाला पुस्तकात वाचावे लागले नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पंचांचा अधिकार चेंडू उडविल्यावर सुरू होत नाही. तो सामन्याच्या वेळेपूर्वी वीस मिनिटे सुरू होतो. ती वीस मिनिटे बाहेरून पाहणाऱ्याला रिकामी दिसतात. पण जाणता पंच त्या वेळात मैदानावरून एक फेरी मारतो, बुटाने फळ्या दाबून पाहतो, कडे आणि जाळी तपासतो, वर छताकडे नजर टाकतो, आणि घड्याळ सांभाळणाऱ्याजवळ जाऊन त्याचा भोंगा एकदा वाजवून घेतो.